एकता, एकात्मता, एकोपा : कुठे कोणता शब्द?

प्रश्न : स्थलांतरितांविषयीचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘यूनिटी’, ‘इंटिग्रेशन’ आणि ‘असिमिलेशन’ या तिन्हींना मी सरसकट ‘एकात्मता’ लिहीत गेले आणि अडले. लेखकाला इंटिग्रेशन हवं आहे, असिमिलेशन नको आहे. माझ्या मराठीत त्या वाक्याला अर्थच उरला नाही. काय करू?

उत्तर : असिमिलेशनला ‘सात्मीकरण’ रूढ आहे. हाच शब्द जीवशास्त्रात पचलेलं अन्न शरीराचा भाग होतं त्या क्रियेलाही वापरतात. घास अंगी लागला की घास म्हणून उरत नाही. माणसांच्या बाबतीतही अर्थ तोच : आलेल्याने आपली बोली, रीतभात सोडून तिथल्यांसारखं होऊन जायचं. इंटिग्रेशनमध्ये तो शाळेत, कामावर, मतदानात बरोबरीने असतो आणि घरी आपल्या भाषेत बोलतो. परिभाषेत ‘एकात्मीकरण’ म्हणतात, पण लेख सर्वसामान्यांसाठी असेल तर मी ‘सामावून घेणं’ लिहीन. त्यात घेणाऱ्यावरही जबाबदारी येते.

‘एकात्मता’ मात्र जपून वापरा. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘यूनिटी’पुढे, म्हणजे मराठीतल्या ‘एकता’पुढे, ‘इंटिग्रिटी’ जोडलं. हिंदी पाठात त्याला ‘अखंडता’ आहे, मराठीत ‘एकात्मता’. अखंडता म्हटलं की देशाचे तुकडे होऊ नयेत एवढंच डोळ्यांसमोर येतं. एकात्मता थेट मनाला हात घालते. मराठीने मागणी फार मोठी केली, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्याच वाक्यात या एकतेचं आश्वासन देणारी म्हणून ‘बंधुता’ येते हे मला जास्त मोलाचं वाटतं. भावंडं एका घरची असतात, एकसारखी नसतात.

आणखी एका वाचकाचं मत : सामावून घेणं ठीक, पण समान काही नसेल तर नुसती शेजारी-शेजारी राहणारी माणसं उरतात. फ्रान्सच्या १९५८च्या घटनेत वंश, मूळ, धर्म न पाहता सर्व नागरिक कायद्यापुढे समान आहेत. तिथे यशस्वी समाज म्हणजे ओळख न विचारणारा समाज. मला त्यात तथ्य दिसतं.

उत्तर : तथ्य आहेच. कॅनडाने १९७१मध्ये बहुसांस्कृतिकता हे धोरण म्हणून स्वीकारलं, १९८८मध्ये कायदाही केला. तिथे यश मोजतात ते ओळख राखून बरोबरीने वावरता येतं का, यावर. पण म्हणून समान काही नाही असं नाही. अधिकृत भाषा तिथेही दोनच आहेत, इंग्रजी आणि फ्रेंच. तेव्हा ‘एकता’ आणि ‘एकजिनसीपणा’ यांची गल्लत भाषांतरात होऊ देऊ नका. फ्रान्सच्या पद्धतीच्या समर्थकालाही ‘एकजिनसीपणा’ हा शब्द लावला तर अन्याय होईल, त्याला समान नागरिकत्व हवं असतं.

प्रश्नकर्ती : मग ‘एकोपा’?

उत्तर : लेखात ‘सोशल कोहेजन’, म्हणजे समाजातल्या माणसांनी एकमेकांशी जोडलेलं असणं, आलं असेल तर अवश्य. एकटा माणूस एकोप्याने राहतो असं आपण कधी म्हणत नाही, त्याला निदान दोघं लागतात. विशेषण करायची वेळ आली की अडचण येते. तिथे ‘एकोप्याने नांदणारा समाज’ असं सरळ लिहा.