फिजिशियन असिस्टंटची पहिली नोकरी: कुडाळ, रत्नागिरी की नवी मुंबई?

कुडाळची_लेक
नमस्कार. बीएस्सी फिजिशियन असिस्टंटची चार वर्षं, इंटर्नशिप धरून, आत्ताच संपली. घर कुडाळजवळ. तीन ठिकाणांहून होकार आलाय आणि शनिवारपर्यंत कळवायचंय.

पहिलं, घराजवळचं २५ खाटांचं खाजगी हॉस्पिटल. एक फिजिशियन, एक सर्जन. १८,००० हातात, राहायला खोली, १२ तासांची ड्युटी, महिन्याला दहा रात्री. दुसरं, रत्नागिरी जिल्ह्यातलं मोठं हॉस्पिटल, मेडिसिन विभाग. २०,०००, आठ तासांची पाळी. तिसरं, नवी मुंबईत हृदयशस्त्रक्रिया विभाग. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च) २२,०००, पण दोन वर्षांचा एक लाखाचा बॉण्ड, म्हणजे आधी सोडलं तर एवढे पैसे भरायचे.

घरच्यांचा कल अर्थातच पहिल्याकडे. काय बघून ठरवू?

राऊंडशीट
ताई, पगार बाजूला ठेवा आणि तिन्हीकडे एकच विचारा: रात्री दोनला पेशंटचं बीपी ८० पर्यंत घसरलं, तर त्या इमारतीत डॉक्टर कोण असेल? "सर फोनवर असतात" हे उत्तर पुरेसं नाही.

आपलं काम डॉक्टरच्या देखरेखीखालचं. हिस्टरी घ्यायची, तपासायचं, नोंदी लिहायच्या, रिपोर्टचा पाठपुरावा करायचा, शिकवलेल्या प्रोसिजर करायच्या. स्वतःच्या सहीनं औषध लिहायचा अधिकार नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर कायद्यात फिजिशियन असोसिएटचं, म्हणजे आपलंच, नाव आलं, त्यानं ओळख मिळाली, पण म्हणून आपण आरएमओ (हॉस्पिटलातला निवासी डॉक्टर) होत नाही. लहान हॉस्पिटलांत आरएमओ मिळत नाही, मग रात्रपाळीला पीए (फिजिशियन असिस्टंट) उभा करतात. सुरुवातीला "फक्त लक्ष ठेव" म्हणतात, दोन महिन्यांत ॲडमिशनच्या ऑर्डरी तुमच्या हातच्या असतात. काही बिघडलं की केसपेपरवर अक्षर तुमचं आणि डॉक्टरची सही कुठेच नाही.

म्हणून होकार देण्याआधी एक संध्याकाळ, चार ते नऊ, वॉर्डात बसायची परवानगी मागा. एखादा चालू केसपेपर सिस्टरच्या टेबलावर उघडलेला दिसेल. प्रत्येक ऑर्डरपुढे वेळ आहे का? सही आहे का? फोनवरून घेतलेली ऑर्डर "फोनवरून, अमुक डॉक्टर, रात्री ११.४०, वाचून दाखवली" अशी लिहिलीय का आणि सकाळी तिच्याखाली सही झालीय का? आठवडाभराच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच दमात केल्यासारख्या दिसल्या तर तिथे जाऊ नका.

पहिल्या वर्षी शिकवणारा डॉक्टर रोज दिसला पाहिजे. या हिशेबानं मी दुसरं ठिकाण घेईन.

पावसाळी_ओपीडी
वरच्यांशी सहमत. पण कोकणातल्या लहान हॉस्पिटलला सरसकट नाही म्हणू नका. फिजिशियन तिथेच राहत असेल तर मेडिसिन इथे जितकं हाताखालून जातं तितकं शहरात जात नाही. लावणीपासून लेप्टो, काजूच्या हंगामात दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप, आणि फुरसं तर आहेच.

हॉस्पिटल किती तयार आहे ते सर्पदंशावरून कळतं. सर्पविषावरची लस (अँटीव्हेनम) किती आहे ते विचारा. विषबाधेची लक्षणं असलेल्या पेशंटला सुरुवातच साधारण १० व्हायलनी (कुप्यांनी) होते, त्यामुळे "चार आहेत" म्हणजे तिथे उपचार नाहीत, फक्त रेफर आहे. मग २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कशी करतात ते पाहा. नवी, कोरडी काचेची टेस्टट्यूब, २ मिली रक्त, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच आडवी करायची. ट्यूब प्लास्टिकची असेल किंवा साबणानं धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नको त्या पेशंटला लस जाते. लसीची रिॲक्शन आली तर मांडीच्या स्नायूत देण्यासाठी ॲड्रेनॅलिन ०.५ मिग्रॅ, लस सुरू करण्याआधीच, सिरिंजमध्ये भरून बाजूला हवंच. आणि ही लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची. चापडा (हिरवा विषारी साप) चावला तर तिचा उपयोग नाही, हे ड्युटीवरच्या माणसाला माहीत आहे का, तेही बोलता बोलता काढून घ्या.

लाल विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध रुजवलं, ते कोकणातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत असलंच पाहिजे. गोळी दिल्यावर पेशंटला आडवंच ठेवायचं, उठवलं की बीपी कोसळतं.

शेवटचं: रात्री क्रिएटिनिन आणि प्लेटलेट होतात का? लेप्टोत किडनी बसते. सकाळच्या रिपोर्टची वाट बघत बसलात तर बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) पाठवायला उशीर होतो.

ऑफरलेटर
आकड्यांचं मी सांगतो. २२,००० सीटीसीमधले २२,००० हातात येत नाहीत. पीएफ १५,००० वर धरला तर कंपनीचे १,८०० त्यातच मोजलेले असतात. ग्रॉस २१,००० च्या आत आहे म्हणजे ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू: कंपनीचा ३.२५ टक्के वाटाही सीटीसीतूनच. उरलं ग्रॉस सुमारे १९,५६०. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १४७. हातात साधारण १७,६००. (महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, पुरुषाचे आणखी २०० गेले असते.) त्यात नवी मुंबईत खोलीभाडं. कुडाळचे १८,००० खोलीसकट त्याहून जास्त पडतात, मात्र तिथे पीएफ भरतात का ते विचारा.

बॉण्डची रक्कम महिन्यागणिक कमी होते की तेविसाव्या महिन्यातही पूर्ण लाख, हे लेखी घ्या. मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट कुणालाही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. पदनाम "फिजिशियन असिस्टंट" असंच हवं. "वॉर्ड कोऑर्डिनेटर" किंवा "ओटी असिस्टंट" लिहिलं तर पुढे अनुभवाचा दाखला कामाचा राहत नाही.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले असतील तर अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का हे सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, १० च्या वर हवा. सुई टोचली तर एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर दोन तासांतच सुरू व्हावी लागतात. ती रात्री कुठल्या कपाटात असतात, चावी कुणाकडे, हे पहिल्याच दिवशी विचारा.

ग्राफ्ट
हृदयशस्त्रक्रियेची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. भारतात हा कोर्स १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला तो हृदयशस्त्रक्रियेसाठीच. त्यामुळे पीएनं काय करायचं, काय नाही, हे या विभागात सगळ्यात स्पष्ट असतं: बायपाससाठी पायाची शीर काढणं, जखम शिवणं, आयसीयूत ड्रेन आणि लघवीच्या तासातासाच्या नोंदी. अडचण एवढीच की दोन वर्षांनी हात तयार होतो आणि तापाच्या पेशंटची हिस्टरी विसरायला होते. सर्जरीच करायची हे मनात पक्कं असेल तरच बॉण्डवर सही करा.

कुडाळची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जरी पक्की नाही, त्यामुळे तिसरं सोडते. कुडाळच्या डॉक्टरांना रात्रीचं कसं विचारू? ते ओळखीचे आहेत, अविश्वास वाटायला नको.

राऊंडशीट
ओळखीचे आहेत म्हणूनच लेखी विचारा, फोनवर नको. एवढंच लिहा: "सर, रात्रपाळीत माझ्याबरोबर हॉस्पिटलमध्ये कोणते डॉक्टर असतील, त्यांची नावं ड्युटी चार्टवर असतील का, आणि पहिले तीन महिने मला दिवसपाळीच मिळू शकेल का? फोनवरच्या ऑर्डरींवर सकाळच्या राऊंडला आपली सही घ्यायची पद्धत ठेवू या का?" शुक्रवारपर्यंत सगळ्या मुद्द्यांवर उत्तर आलं तर कुडाळ आणि रत्नागिरी समोरासमोर ठेवून बघा. "ये तर आधी, मग बघू" असं आलं तर शनिवारी रत्नागिरीला होकार कळवा.