डोंबिवली सोडतोय. कोल्हापूर की नाशिक? मदत हवी आहे (तातडीने)

कस्तुरी
नमस्कार. भाडेकरार महिनाअखेरीस संपतोय आणि मालक एकदम पाच हजार वाढवून मागतोय. बास झालं. मुंबईच्या आसपास राहायचंच नाही, असं घरात ठरलंय. कोल्हापूर की नाशिक एवढाच निर्णय बाकी आहे. टू बीएचके, तळमजला किंवा लिफ्ट, शांत एरिया, भाडं बारा हजारांच्या आत. कुठला भाग बघू? ज्यांनी स्वतः असं बिऱ्हाड हलवलंय त्यांनीच लिहा. 'मुंबई ती मुंबईच' छापाचे प्रतिसाद नकोत. प्लीज लवकर.

सावकाश
घरात माणसं किती? कमावतं कोण, आणि काम कुठून? मुलं असतील तर कितवीत, कुठलं बोर्ड, माध्यम काय? ही दोनच शहरं का, कुणी नातेवाईक आहेत का तिथे? एवढं कळल्याशिवाय एरिया काय सांगणार, डोंबल?

गोदाकाठ
नाशिक. विचारही करू नका. हवा, पाणी, द्राक्षं, सगळं आहे. सकाळी पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईत काम करून रात्री घरी येणारे पासवाले इथे शेकड्यांनी आहेत. आता तर २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पाही सुरू झालाय. इंदिरानगर, पाथर्डी फाटा बघा.

पेठकर
नाशिकला २०२७ चा कुंभ हाय भावा. आत्ताच रस्ते खणून ठेवल्यात, मालक लोक भाडी वाढवाय टपून बसल्यात. त्यात ताईंना पाठवतोस व्हय? ताई, कोल्हापूरला या. कळंबा रोडला, आर. के. नगरला बजेटात घर मिळतंय. माझ्या मेव्हण्यानं गेल्या वर्षी कळंब्याला दहा हजारांत टू बीएचके घेतलाय, पार्किंगसकट.

कस्तुरी
@सावकाश, नोकरीचा प्रश्न नाही, मिस्टर घरून काम करतात. मुलगा नववीत जाईल. सासूबाई आहेत, त्यांच्यासाठी लिफ्ट. कोल्हापूरला माझं आजोळ होतं, आता कुणी नाही. नाशिकला मिस्टरांचा मित्र आहे. झालं? आता एरिया सांगा.

सावकाश
नाही झालं. 'घरून काम' हे कंपनीने लेखी दिलंय की साहेबांच्या तोंडी कृपेने चाललंय? माझ्या भावाने असंच केलं. नवीन साहेब आला आणि आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सुरू झालं. काही कंपन्या गाव बदललं की पगारही गावाप्रमाणे लावतात. शिवाय जुन्या कररचनेत असाल तर भाडं कमी झालं की घरभाड्याची करसवलतही कमी होऊ शकते. भाडं वाचलं म्हणून नाचण्याआधी कागद घेऊन बसा.
आणि मुलाचं बोर्ड?

तात्या_ठाणे
गाडी असेल तर काळजी नको. एमएच-०५ (कल्याण) ची एमएच-०९ (कोल्हापूर) करावी लागत नाही, राज्य तेच आहे. फक्त पत्ता बदलून घ्यायचा. लोक उगाच एजंटला पैसे देतात. गॅसचं मात्र आधी बघा. सिलिंडर-रेग्युलेटर इथल्या एजन्सीला जमा करून टीव्ही घ्यायचा (टर्मिनेशन व्हाउचर, दूरदर्शन नव्हे), अनामत परत मिळते आणि तो कागद दाखवून नव्या गावात कनेक्शन. सिलिंडर ट्रकात टाकून नेऊ नका.

कस्तुरी
तात्या, गाडी नाही आमच्याकडे.

सातबारा
भाड्याने कशाला जाता? महिना बारा हजार पाण्यात. त्यापेक्षा शहराबाहेर एनए (बिगरशेती) प्लॉट घ्या. दहा वर्षांत चौपट. आमच्या ओळखीत आहेत, व्यनि (खाजगी निरोप) करा.

सावकाश
झालं, आले. ताई, व्यनि करू नका.

सातबारा
सल्ला देणं गुन्हा आहे का? तुम्ही काय मॉडरेटर?

गोदाकाठ
@पेठकर, कुंभाने रस्ते सुधारणार आहेत. तुमच्याकडे दर दोन वर्षांनी नदी घरात येते त्याचं काय? आणि मिसळीचं तर बोलूच नका. नुसता तिखटाचा लाल कट म्हणजे मिसळ नव्हे. आमच्याकडे मळ्यात बसून चुलीवरची खायची, पापड-दह्यासकट.

पेठकर
पापड? मिसळीबरोबर पापड?? हे वाचून आमची आज्जी घर सोडून जाईल. मिसळीला ब्रेड लागतोय. नाद करायचा न्हाई.

तात्या_ठाणे
ठाण्याची मिसळ विसरलात दोघेही.

कस्तुरी
मी मिसळीबद्दल विचारलेलं नाही. मला उद्या पुन्हा अर्धा दिवस डायलिसिसला बसायचं आहे, मोबाइलला तिथे रेंज नसते. आज रात्रीपर्यंत कुणी नीट एरियाची नावं दिलीत तर उपकार होतील.

रात्रपाळी
थांबा. डायलिसिस कोणाचं?

कस्तुरी
सासूबाईंचं. म्हणून तर लिफ्ट म्हटलं. तीन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा. पण ते सगळीकडे असतंच ना आता, दोन्ही शहरांत सेंटर आहेत, मी नेटवर बघितलं.

रात्रपाळी
ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे. सेंटर असणं वेगळं आणि सेंटरमध्ये तुमच्यासाठी मशीन रिकामं असणं वेगळं. सगळा धागा उलटा चाललाय. आधी शिफ्ट (म्हणजे डायलिसिसची ठरलेली पाळी), मग घर, शहर त्याच्या मागोमाग. चांगल्या सेंटरांत सकाळची शिफ्ट भरलेली असते, ती कुणी सोडली तरच मिळते. नव्या पेशंटला बहुतेक वेळा शेवटची देतात, संध्याकाळी चार-पाचला सुरू, सुटेपर्यंत नऊ. चार तास झाल्यावर बीपी उतरलेलं असतं, त्या अवस्थेत आजींना घेऊन पुढे तासभर प्रवास करायचा नसतो. म्हणून घर सेंटरच्या जवळ.

कागद काय लागतील ते लिहून घ्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी चे ताजे रिपोर्ट. ते नसतील तर कुणी मशीनला हात लावू देणार नाही, आणि पॉझिटिव्ह असेल तर वेगळं मशीन लागतं, तेव्हा ते असलेलंच सेंटर शोधावं लागेल. शेवटच्या काही शिफ्टच्या नोंदी, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) किती धरलंय, हेपरिन (रक्त गोठू नये म्हणूनचं औषध) किती देतात, फिस्ट्युला (सुया लावण्यासाठी हातात जोडलेली शीर) कुठल्या हातात आणि कधी केला. आत्ताच्या नेफ्रॉलॉजिस्टकडून (किडनीच्या डॉक्टरांकडून) ट्रान्स्फरची चिठ्ठी मागा, ते रोजच लिहून देतात.

पैसे भरून करता की योजनेतून?

कस्तुरी
महात्मा फुले योजनेतून. रेशन कार्ड डोंबिवलीचं आहे. म्हणजे तेही बदलावं लागेल?

रात्रपाळी
योजना राज्याची आहे, कार्ड डोंबिवलीचं म्हणून अडत नाही. पण सेंटर योजनेच्या यादीत हवं, आणि यादीत असलं तरी योजनेच्या पेशंटसाठी जागा आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) विचारा. रिसेप्शनवर विचारू नका, तिथे 'हो हो, या' म्हणतात.

मिरजवाला
मग प्रश्नच मिटला. मिरजेला या. वैद्यकीय पंढरी आहे ही. गल्लीगल्लीत दवाखाना, जंक्शन असल्याने गाड्या भरपूर, भाडी कोल्हापूरपेक्षा कमी. लोक कर्नाटकातून इथे उपचाराला येतात, आणि तुम्ही नाशिक-नाशिक काय करताय?

पेठकर
२०१९ ला कृष्णामाई कुठंपर्यंत आलती ते पण सांग की.

मिरजवाला
सांगलीत आली, आमच्या घाटावर आली. मिरज शहर उंचावर आहे. सांगली आणि मिरज एकच समजणाऱ्यांना काय सांगायचं.

सावकाश
पुराचं निघालंच आहे तर नीट बोलू. हा विषय टाळून कोल्हापुरात घर घेता येत नाही. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेने शहराच्या सखल भागात पाणी घातलं. @पेठकर, तुम्ही खरंखुरं सांगा, पेठेचा अभिमान थोडा बाजूला ठेवून.

पेठकर
खरं सांगतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका. पावसाळ्यात हितं सकाळी चहाच्या आधी तेवढाच आकडा बघत्यात लोक. दुधाळी, सुतारवाडा, बापट कॅम्प, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, जयंती नाल्याच्या कडंचं काय पण घेऊ नका, कितीबी स्वस्त असू दे. घरमालकाला विचारून उपयोग न्हाई, तो 'आमच्या दारात कधी न्हाई' असंच म्हणणार. शेजारच्या किराणावाल्याला विचारा, नायतर भिंतीवर डाग बघा. नवा रंग एका ठराविक उंचीपर्यंतच मारलेला दिसला तर समजून जावा.

आनि दुसरं. शिरोली, नायतर शिवाजी पुलापलीकडं वडणगे-आंबेवाडी बाजूला भाडं कमी हाय. पण मोठा पूर आला की वाट बंद. २०१९ ला हायवेसुद्धा शिरोलीजवळ बंद होता. घरात पाणी आलं न्हाई तरी आज्जींना दवाखान्यात कसं न्यायचं? सेंटर जिकडं, घर तिकडंच, नदीच्या एकाच बाजूला.

रात्रपाळी
हे लाखमोलाचं बोललात. मी त्यात भर घालतो. २०१९ ला शिंगणापूरचं उपसा केंद्र बुडून शहराला नळाचं पाणी नव्हतं. चार तासांच्या एका डायलिसिसला एका पेशंटमागे साधारण १२० लिटर आरओचं (खास शुद्ध केलेलं) पाणी लागतं, आणि ते तयार होताना वाया जातं ते वेगळं. म्हणून सेंटरला थेट विचारा, पाणी बंद झालं तर काय करता? टाकी केवढी, बोअर आहे का, टँकर कोण देतो? गोंधळलेले दिसले तर दुसरं बघा.

पेठकर
आता काळम्मावाडी धरणावरनं थेट पाइपलाइन झालीय, तेवढं वाईट न्हाई.

गोदाकाठ
थेट पाइपलाइन बंद पडल्याच्या बातम्या आम्हीही वाचतो हं.

पेठकर
पापडवाल्यानं गप बसावं.

रात्रपाळी
मिसळीवरून आठवलं. आजींना कोल्हापुरी पाहुणचार जपून. कट, रस्सा, आमटी, चहा हे सगळं दिवसाच्या पाण्याच्या मापात धरायचं असतं. 'पाणी तर घोटभरच प्यायले' म्हणतात आणि दोन शिफ्टच्या मध्ये तीन किलो वाढवून येतात. सोलकढी, शहाळं तर नकोच, पोटॅशियम.

सावकाश
मुलाचं बोर्ड तिसऱ्यांदा विचारतोय.

कस्तुरी
स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. त्यात काय अडचण?

सावकाश
अडचण नाही, उलट बरं आहे. सीबीएसई असतं तर एप्रिलपासून वर्ग सुरू होऊन गेले असते. स्टेटची शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणजे दाखला काढायला वेळ आहे. पण हलायचं तर यंदाच हला. दहावीत गेल्यावर शाळा बदलून बोर्डाच्या फॉर्मची कटकट ओढवून घेऊ नका. आणि 'सेमी' म्हणजे कुठले विषय इंग्रजीतून, ते शाळेशाळेत वेगळं असू शकतं, विचारून घ्या.

तात्या_ठाणे
मिस्टरांना अधूनमधून ऑफिसला यावं लागलं तर महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. रात्री कोल्हापुरात बसायचं, सकाळी कल्याणला उतरायचं. आम्ही देवीला नेहमी तिनेच जातो. वेटिंगचं मात्र बघा.

कस्तुरी
सगळ्यांना धन्यवाद. आज डायलिसिसच्या वेळी सिस्टरांकडून चिठ्ठीचं बोलून घेतलं. बाहेर जिन्यात उभी राहून कोल्हापूरच्या दोन आणि नाशिकच्या एका सेंटरला फोन केले. नाशिकवाल्यांनी वेटिंगला नाव लिहून घेतलं. कोल्हापुरात एका ठिकाणी योजनेतून जागाच नाही. दुसऱ्या ठिकाणी आहे, पण संध्याकाळची. आरोग्यमित्र म्हणाले की रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा, डॉक्टर बघून दोन दिवसांत कळवतील. पाण्याचं विचारलं तर म्हणाले बोअर आहे, टँकरवालाही ठरलेला आहे. सेंटर राजारामपुरीच्या बाजूला आहे.
मालकाकडे एक महिना वाढवून मागितलाय, पाच हजार जास्त देऊन. मिस्टरांनी एचआरला मेल टाकलाय, अजून उत्तर नाही.
आता तरी एरिया सांगाल का? राजारामपुरीत बारा हजारांत लिफ्टवालं मिळेल?

पेठकर
मेन रोडला अवघड हाय. आतल्या गल्ल्यांत जुन्या बंगल्यांचे तळमजले भाड्यानं देत्यात, लिफ्टचा प्रश्नच न्हाई. न्हाईतर सागरमाळ, शाहूनगर बाजूला बघा, तिथनं रिक्षा लगेच हाय. रात्री नऊला ठरलेला रिक्षावाला लागंल, महिन्यावर बोलून ठेवायचा. माझ्या वळखीचा एक हाय, आज्जींना हात धरून घरात सोडंल.

मिरजवाला
मिरजेत विचारलंच नाही तुम्ही.

रात्रपाळी
वार कोणते दिलेत, सोम-बुध-शुक्र की मंगळ-गुरु-शनि? आणि सामान हलवायच्या दिवशी शिफ्ट बुडणार नाही ना?