शाळा नकोत म्हणणाऱ्यांनी आधी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात यावं

कुळागर

आसगावला येऊन स्थायिक झालेल्या एका गृहस्थांची पोस्ट सध्या सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. सारांश असा: शाळा म्हणजे इंग्रजांनी कारकून घडवायला काढलेला कारखाना. आम्ही दोन्ही मुलांची नावं काढून घेतली. ती आता समुद्रावर, कुंभारकामात आणि यूट्यूबवर शिकतात. शाळांची गरजच उरलेली नाही, सरकारनं त्या बंद करून पैसे थेट आईबापांच्या हातात द्यावेत. आणि खाली आमचेच गोंयकार बदाम पाठवतायत.

अहो, इंग्रजांचं इथं राज्यच कधी नव्हतं. होते ते पोर्तुगीज. त्यांचा लिसेव, म्हणजे हायस्कूल, पणजीत, आणि गावातल्या बहुजनाच्या पोराला पाटी मिळाली ती पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या तेव्हा. माझी आई त्या पहिल्या खेपेतली. तिची आई शेवटपर्यंत अंगठा उठवत राहिली.

आमच्या गावची प्राथमिक शाळा आजही एकशिक्षकी आहे. एक खोली. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, डावीकडे पहिली-दुसरीची बाराखडी, उजवीकडे तिसरी-चौथीचा भागाकार. बाई डावीकडे असल्या की उजवीकडच्यांनी गप्प बसून गणित करायचं असतं, पण ती डावीकडचंच मोठ्यानं म्हणत बसतात. मग स्वयंसाहाय्य गटाची बाई पाव-भाजीचा डबा आणून ठेवते, झाकणाचा आवाज होतो आणि भागाकार तिथंच राहतो. हे आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण ही खोली बंद केली तर त्या पोरांचं ‘निसर्गातून शिक्षण’ काय असतं ते मी सांगतो: मोसमात काजू वेचायचे, एरवी धाकट्याला कडेवर घेऊन फिरायचं.

आणि पैसे हातात द्याल हो. सत्तरीत, वाळपईच्या वर, त्या पैशात शिकवायला कोण येणार आहे? तुमचे कुंभारकामवाले?

फोंड्याची

कुळागरबाब, आसगाववाल्याचा राग आमच्यावर कशाला? शाळेतून मूल काढणारे सगळेच बंगलेवाले नसतात. माझ्या नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान आहे.

मुलगा दुसरीत जोडाक्षर आलं की अडायचा. बाई रोज उभा करून वाचायला लावायच्या, वर्ग हसायचा. रविवारी संध्याकाळपासून त्याच्या पोटात दुखायला लागायचं. मुख्याध्यापिकांकडे गेले तर म्हणाल्या, घरी लक्ष द्या, मोबाइल कमी करा. शेवटी डॉक्टरांनी डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, सांगितला, तोवर पोरगं स्वतःला ढ म्हणायला लागलं होतं. पाचवीत नाव काढलं. पुढं ओपन स्कूलमधून, म्हणजे एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी देणार आहे. चौदा पूर्ण झाली की बसता येतं, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. एक विषय आज, दोन पुढच्या वेळी, असं करता येतं. वडिलांच्या दुकानात ग्रिलचं माप घेतो, कोन काढतो, किती फूट पट्टी लागेल ते तोंडी सांगतो. हेच गणित वर्गात त्याला येत नव्हतं.

तुमच्या रेघेच्या उजवीकडे असा एखादा बसलेला असेल तर बाईंना कळेल का? तेवढंच सांगा.

कलमबहाद्दर

भावनांना नमस्कार, पण कायदा काय म्हणतो तेही बघा. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू १ एप्रिल २०१०पासून. कलम १० सांगतं की सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य. पण न घालणाऱ्या पालकाला कुठं शिक्षा लिहिलेली नाही. सक्तीचं ओझं कलम ८नं सरकारच्या डोक्यावर ठेवलंय. दंड आहे तो मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला, कलम १८, एक लाखापर्यंत. म्हणजे घरी शिकवणाऱ्या फोंड्याच्या ताईंना कुणी काही करणार नाही. पण किनाऱ्यावर व्हिला भाड्यानं घेऊन, वर ‘लर्निंग सेंटर’ असा बोर्ड लावून, महिन्याला फी घेणाऱ्यांनी जरा दमानं पोस्टी टाकाव्यात.

तिस्कावरचा

सगळे आसगाववर घसरलेत. त्यानं एक तरी शाळा बंद पाडली का? गावच्या शाळा बंद पाडल्या त्या तुम्ही, आम्ही, आपण. १९९०मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरळ धोरण होतं: प्राथमिकला अनुदान हवं तर मराठी नाहीतर कोंकणी. चर्चच्या शाळांनीसुद्धा कोंकणी माध्यम घेतलं. २०११मध्ये दिगंबर कामत सरकारनं इंग्रजी माध्यमालाही अनुदान दिलं आणि पुढच्यांनी ते चालूच ठेवलं. तेव्हापासून दारात इंग्रजी शाळेची बस, आणि गावच्या शाळेत पट नाही. पट नाही म्हणून शाळा बंद. मग आता ‘शाळा हव्यात की नकोत’ ही चर्चा कशाला? मेल्यावर नाडी बघताय.

मडगावकार

आला! कुठलाही धागा काढा, हा माणूस अनुदानावर आणतो.

माझे आईवडील मराठी शाळेत शिकले, मी शिकलो, मुलीला इंग्रजीत घातली. का ते ऐका. मी चौथीपर्यंत मराठीतून, पाचवीला हायस्कूलमध्ये गेलो आणि एका रात्रीत विज्ञान-भूगोल सगळं इंग्रजीत. पहिल्या चाचणीला प्रश्नच कळले नाहीत म्हणून मी प्रश्न जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरवून दिले. सरांनी ते वर्गात वाचून दाखवले. ती उडी पोरानं मारायची आणि मातृभाषेचं भाषण तुम्ही ठोकायचं. मातृभाषा माध्यमाच्या आंदोलनात पुढं बसलेल्या कितीजणांची नातवंडं मराठी शाळेत होती ते विचारू का? नावं घेत नाही, गाव लहान आहे.

तिस्कावरचा

विचारा की. माझी दोन्ही मुलं मराठी प्राथमिकमध्येच शिकली, एक आज अभियंता आहे. आणि पाचवीला उडी पडते म्हणून पहिलीपासूनच इंग्रजी, हा कुठला न्याय? पाचवी-सहावी मराठीतून का नको, हे कुणीच का विचारत नाही? त्यासाठी रस्त्यावर उतरला असतात तर मानलं असतं. तुम्हाला शेजाऱ्याच्या पोरापेक्षा आपलं पोर मागं पडायला नको होतं, एवढंच.

मडगावकार

हो, नको होतं. लिहून घ्या. बाप आहे मी, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष नाही. आणि तुमचा अभियंता कुठल्या भाषेत इंटरव्ह्यू देऊन लागला तेही लिहा एकदा.

तिस्कावरचा

घरच्यांवर यायचं नाही.

मडगावकार

सुरुवात कुणी केली?

मास्तरीणबाय

दोघांनीही जरा पाणी प्या.

मी सरकारी प्राथमिक शिक्षिका आहे, सांगे तालुक्यात. फोंड्याच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बहुतेक वेळा कळणार नाही. मला मूल कळावं एवढा वेळच दिलेला नाही. मतदार यादीचं काम मी करते, सर्वेक्षण मी करते, जेवणाची नोंद, साबणाची नोंद, झाड लावल्याचा फोटो, तो अपलोड झाला नाही म्हणून परत फोटो. मध्ये कधीतरी शिकवते. वर रजेवर गेले तर शाळेला कुलूप, कारण दुसरं कुणी नाही.

पण ‘इंटरनेट आहे ना’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. तो प्रयोग झालाय. कोविडमध्ये प्राथमिकचे वर्ग जवळजवळ दोन वर्षं बंद होते. आमच्याकडची मोठी मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती, पावसात एका छत्रीखाली तिघं, मध्ये एकच फोन. लहानांना तेही नाही. घरातला एकुलता फोन बापाबरोबर कामावर. शाळा उघडली तेव्हा तिसरीत बसलेल्या एका मुलीनं पुस्तक हातात घेतलं, उलटं. मी सरळ करून दिलं. तिनं बोट ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली. पहिलीत ती वाचायला लागली होती हो. माझ्यासमोर लागली होती.

तेव्हा पर्याय-बिर्याय सांगताना ही मुलगी डोळ्यांसमोर ठेवा.

पडवी

बाईंचं सगळं खरं, पण म्हणून आहे तीच शाळा हवी असं कुठं ठरतं? गोवा मुक्तीआधी आपल्या गावांत शेणैमामाची, म्हणजे गावच्या खासगी मास्तराची, शाळा असायचीच की. देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत) नाहीतर कुणाच्या पडवीत, दहा-पंधरा पोरं, वयानुसार वर्ग नाहीत, पट नाही, खातं नाही. पणजीचं मुष्टिफंड १९०८मध्ये घराघरांतून मूठ-मूठ तांदूळ गोळा करून उभं राहिलं, सरकारनं नाही काढलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी तर कुरणशाळा चालवली, पोरं गुरं राखतात तिथंच शिक्षक गेला. मग आज गावानं पाचदहा पोरं एकत्र करून असं काही केलं तर काय बिघडलं? प्रत्येक गोष्टीला पर्वरीच्या शिक्षण खात्याचा शिक्का कशाला लागतो?

कुळागर

पडवीबाब, शेणैमामाच्या पडवीत कोण बसायचं ते का गाळलंत? आमच्या आज्याला त्या पडवीच्या पायरीवरसुद्धा जागा नव्हती, आणि आजी तर मुलगी. पडवी ज्याची, शाळा त्याची. मालकाला वाटलं तर शिकवणार, नाही तर उठवणार. सरकारी शाळा कितीही गळकी असो, तिथल्या बाई मला ‘तू इथं नको’ म्हणू शकत नव्हत्या. मला शाळेत सगळ्यांत जास्त काय मिळालं असेल तर हे. उद्या गावानं पाचदहा पोरं गोळा केली तर ती पाच कुणाची असतील ते मला आजच सांगता येतं.

कुरणशाळेचं म्हणाल तर ती शाळाच होती. शिकलेला, बांधील माणूस रोज तिथं जात होता. तशी आमच्याकडे काढा, मी पहिला फणस पाठवतो.

पडवी

जात काढलीत की वाद संपला, नाही का? माझ्या म्हणण्याचा तो अर्थ नव्हता. पण ठीक आहे, पडवी सगळ्यांना उघडी राहील याची हमी कोण देणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. झालं समाधान?

कलमबहाद्दर

हमी द्यायला कुणीतरी लागतो, त्यालाच खातं म्हणतात.

फोंड्याची

मास्तरीणबाय, तुम्ही सरळ ‘नाही’ म्हणालात त्याबद्दल आभार. आमच्या शाळेत एवढंही कुणी म्हणालं नव्हतं.

कुळागरबाब, तुमचं अर्धं मान्य. मी बी.एड. आहे, सासूबाई घर बघतात, म्हणून माझ्याकडून जमलं. हे सगळीकडे नसतं. पण मग उरलेलं अर्धं तुम्ही माना: नाव काढायचं तेव्हा मला कुठंही परत यायचा रस्ता ठेवला नव्हता. पोराला आठवड्यातून दोन दिवस शाळेत बसू द्या, खेळायला, चित्रकलेला, बाकी मी शिकवते, असं विचारलं तर मुख्याध्यापिका म्हणाल्या हजेरीत बसत नाही. पूर्ण आत नाहीतर पूर्ण बाहेर. त्याला मित्र राहिले नाहीत, हे मी दुसरीकडे कुठं लिहिलेलं नाही. शाळा बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. दार जरा किलकिलं ठेवा म्हणते.

कुळागर

हे मान्य. दोन दिवसांचं तर शंभर टक्के मान्य. आणि आसगाववाल्यानं असं लिहिलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता.

मडगावकार

तो कसा लिहील? त्याला परत यायचंच नाहीये. पोरं पुढं सरळ परदेशी जाणार.

मास्तरीणबाय

फोंड्याच्या ताई, एक कामाचं. वयानुसार वर्गात प्रवेश हा कायद्यातच आहे, चौदा व्हायच्या आत शाळेत परत घालायचं ठरवलंत तर नाकारता येत नाही. जवळच्या सरकारी शाळेत विचारून बघा, पट कमी असतो तिथं नवीन मूल आलं की आम्ही पेढे वाटायचेच बाकी असतो. मात्र विशेष शिक्षक तिथं येतात का, रोज की कधीतरी, ते आधी विचारा. कागदावर सगळीकडे येतात.

तिस्कावरचा

आणि ती शाळा मराठी माध्यमाची असेल, हेही लक्षात घ्या. माध्यमावर मी वेगळा धागा काढतोय, १९९०पासूनची सगळी हकीकत मांडतो.

मडगावकार

नको काढूस रे बाबा.

तिस्कावरचा

काढला.