'एन्ग्रेव्हिंग'ला मराठीत काय म्हणायचं? आणि तो 'आफ्टर'?

शब्दवेडी: एका चित्रसंग्रहाच्या चित्रओळी (कॅप्शन) मराठीत करतेय. ईस्टर बेटावरच्या दगडी पुतळ्यांचं जुनं छापचित्र आहे. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत १७७४ साली चित्रकार विल्यम हॉजेस तिथे गेला होता, त्याने काढलेलं चित्र वुलेटने छापण्यासाठी तांब्यावर कोरलं. इंग्रजी ओळ: 'वुलेट, आफ्टर हॉजेस'. आधीच्या मसुद्यात चक्क 'हॉजेस यांच्यानंतर वुलेट यांनी केलेले उत्कीर्णन'!

बोरू: 'हॉजेस यांच्या चित्रावरून'. झालं. उत्कीर्णन मात्र काढाच, शिलालेख वाटतो.

तत्सम: का काढायचं? अचूक शब्द आहे. नको असेल तर 'ताम्रपट' घ्या.

बोरू: ताम्रपट म्हटलं की राष्ट्रकूटांनी दान दिलेलं गाव आठवतं. तो पत्र्यावरच वाचायचा. इथे पत्र्यावर उलटं कोरायचं, खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, मग ओलसर कागद दाबायचा. चित्र कागदावर येतं!

शाईवाला: आम्ही कलाशाळेत 'मुद्राचित्र' म्हणायचो. पण त्यात शिळाछापही येतो, लाकडी ठसाही.

कोथरूडकर: आमची आजी भांड्यावर नाव 'घालून' आणायची. कोरून आणल्याचं कधी ऐकलं नाही.

तत्सम: आजी राहू द्या. 'चित्रावरून'ला माझी हरकत आहे. त्याच सफरीतलं हॉजेसचं मिडलबर्ग बेटाचं, म्हणजे टोंगातल्या एउआचं चित्र बघा. शेरविनने कोरताना तिथली माणसं ग्रीक पुतळ्यांसारखी केली, अंगावर झुळझुळीत वस्त्रं. जहाजावर असलेल्या गेओर्ग फोर्स्टरने तेव्हाच त्यावर टीका केली होती. ह्याला 'वरून' म्हणायचं?

बोरू: मग काय, 'हॉजेसचा आधार घेऊन मनाप्रमाणे'? ओळ आहे, आरोपपत्र नव्हे.

शाईवाला: हाच हॉजेस पुढे १७८० मध्ये भारतात आला. ती चित्रं मात्र अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे आम्लाने खाल्लेला पत्रा. 'कोरीव' तिथे चालणार नाही.

कोथरूडकर: तांब्यावरचं काम म्हणजे 'मठारकाम' म्हणा की! तांबट आळीतला शब्द, अस्सल.

बोरू: अहो, मठारणं म्हणजे हातोडीने ठोके देणं. कोरणं वेगळं.

तत्सम: अस्सल कसलं, बोलीतला शब्द संग्रहालयात शोभत नाही.

कोथरूडकर: १८०५ साली मिरजेत तांब्याचे पत्रे कोरून गीता छापली. ती छापणाऱ्यांनी 'उत्कीर्णन' म्हटलं असेल का हो?

तत्सम: गीता संस्कृतातच होती ना?