मनातलं सगळं भिंतीवर लिहायचं का?

निळी_शाई:
हल्ली रात्री मन मोकळं करायची जागा म्हणजे फेसबुकची भिंत नाहीतर इन्स्टाग्रामची स्टोरी. नवऱ्याशी भांडण, साहेबांचा राग, मुलाच्या तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं तिथे. माझ्या मते हे थांबायला हवं. रोजनिशीला वाचक नसतो. इथे सासूबाई, जुना वर्गमित्र आणि उद्या नोकरी देणारा एकाच रांगेत बसलेले असतात. शिवाय सुटी माहिती जोडता येते. शुभेच्छांवरून जन्मतारीख, आठवणींवरून पहिली शाळा, फोटोखाली कुत्र्याचं नाव. पासवर्ड विसरल्यावर विचारले जाणारे सुरक्षाप्रश्न बरेचदा हेच असतात!

उंबरठा:
मला हे पटत नाही. वही उत्तर देत नाही. दुर्मिळ आजार, गर्भपात, व्यसनातून बाहेर पडणं, अशा वेळी "मीही यातून गेलेय" एवढं कुणी लिहिलं तरी माणूस सावरतो, आणि असं लिहिणारा ओळखीत सापडेलच असं नाही. दोष लिहिण्याचा नाही, कुणाला दाखवायचं ते न ठरवण्याचा आहे. इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स'ची आठ-दहा जणांची यादी करा. फेसबुकवर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' वापरलं की जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात मित्रांपुरत्या होतात.

कुलूपकिल्ली:
उंबरठा, या सेटिंग्ज वापराव्यातच, पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. मित्रांपुरत्या पोस्टमध्ये कुणाला टॅग केलं की ती त्याच्या मित्रांनाही दिसू शकते. स्टोरीचा स्क्रीनशॉट काढला तर इन्स्टाग्राम तुम्हाला कळवत नाही. पोस्ट सार्वजनिक असताना वेबॅक मशीनने (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) पान जतन केलं असेल, तर नंतर मर्यादा घालून ती प्रत पुसली जात नाही. डिलीट करतानाही बघा: फेसबुकवर पोस्ट 'ट्रॅश'मध्ये टाकली की ती 30 दिवस तिथेच असते. लगेच घालवायची तर ट्रॅश उघडून पुन्हा डिलीट करावी लागते.

फोटोंचं वेगळंच. मोठी संकेतस्थळं फोटोतली ठिकाणाची नोंद सहसा काढून टाकतात, पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती नोंद तशीच जाते. आणि नुसत्या सवयीही बोलतात. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर धावपटूंच्या वाटांवरून लष्करी तळ ओळखू आले होते. एकाही धावपटूचं नाव त्यावर नव्हतं.

निळी_शाई:
मोकळं होण्यासाठी वाचक लागतोच असंही नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं क्लेशदायक अनुभवांवर लिहिलं. लिखाण गुप्त राहणार होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या.

उंबरठा:
त्याच प्रयोगातलं दुसरं निरीक्षणही सांगा ना. लिहून उठल्यावर लगेच त्या मुलांना जास्त उदास वाटत होतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी सोबत लागतं.

कुलूपकिल्ली:
मग एका माणसाला फोन करा. दोनशे जणांना कशाला सांगायचं?

पानगळ:
टिकाऊपणाचं कुणीच बोललं नाही. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं. मायस्पेस या तशाच जुन्या साइटवरची 2003 ते 2015 मधली गाणी, फोटो, व्हिडिओ सर्व्हर बदलताना गेले, ते 2019 मध्ये उघड झालं. फेसबुकवर लिहायचंच असेल तर सेटिंग्जमधून वर्षातून दोनदा आपल्या माहितीची प्रत उतरवा. फाइलचा प्रकार विचारला की, वाचायची असेल तर एचटीएमएल (HTML) निवडा, दुसऱ्या ॲपमध्ये न्यायची असेल तर जेसन (JSON).

निळी_शाई:
पानगळ, प्रत घेतलीच पाहिजे. पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते मुलांचं. आईच्या रोजनिशीत मुलाचं अंथरूण ओलं करणं येणारच, ते कपाटात राहतं. भिंतीवर त्याच्या नावानिशी लिहिलं, तर पंधराव्या वर्षी वर्गातलं कुणीही ते शोधून काढेल. त्याला कुणी विचारलं होतं?

उंबरठा:
हे मात्र मान्य. माझं म्हणणं स्वतःच्या दुःखापुरतं आहे. दुसऱ्याचं नाव, फोटो, आजार त्याच्या होकाराशिवाय अजिबात नको, मग यादी आठ जणांची का असेना.