‘मरणोत्तर’ नेमकं कशाला लावायचं?

नाशिकच्या सिडकोतून: आमच्या सिन्नर तालुक्यातल्या गावात एका जवानाचं स्मारक उभं राहतंय. फलकाचा मजकूर आलाय तो असा: ‘मरणोत्तर शौर्य सेना पदक विजेते शहीद जवान’. वाचताना खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. दगडात कोरायचंय, म्हणून आधीच विचारते.

देवळालीहून: ताई, खटकलं ते बरोबरच आहे. शौर्य मरणोत्तर नसतं. ते माणसाने जिवंतपणी गाजवलेलं असतं, मागाहून येतं ते पदक. कारगिलच्या वेळचं उदाहरण घ्या. टायगर हिलवर लढलेल्या योगेंद्रसिंह यादवांना परमवीरचक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं, मग कळलं की ते रुग्णालयात उपचार घेताहेत. ‘मरणोत्तर’ गळून पडलं, पराक्रम होता तेवढाच राहिला. म्हणून ‘मरणोत्तर’ पदकालाच चिकटवा.

दुसरं, ‘विजेते’ काढाच. पदक मिळावं म्हणून कुणी खंदकातून बाहेर पडत नाही. आपल्याकडे ‘मानकरी’ हा शब्द असताना स्पर्धेतला शब्द कशाला? आणि सेना पदक शौर्यासाठीही देतात, विशिष्ट सेवेसाठीही. तेव्हा पुढे कंसात ‘शौर्य’ हवंच, नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही.

पंचवटीतून: ‘शहीद’बद्दल माझं मत वेगळं पडेल. सरकार दरबारी लष्करासाठी ‘शहीद’ अशी अधिकृत संज्ञा नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ साक्ष देणारा. ‘हुतात्मा’ हा शब्द सावरकरांचा, म्हणजे आपल्या भगूरचाच, आणि ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ या नावामुळे नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यातला. फलकावर मी ‘हुतात्मा’च लिहीन. घरचे ‘शहीद’ म्हणत असतील तर मात्र त्यांच्या शब्दाला हात लावू नये, तो हक्क त्यांचा.

देवळालीहून: काका, हे शंभर टक्के मान्य.

नाशिकरोडहून: बातम्यांत आणखी एक घोळ असतो. ‘लष्करी सन्मान’ म्हणजे अंत्यसंस्काराची मानवंदना की शौर्यपदक? पहिल्यासाठी ‘लष्करी इतमामात अंत्यसंस्कार’ हा आपला रुळलेला प्रयोग आहे: तिरंग्यात लपेटलेलं पार्थिव, उलटी धरलेली शस्त्रं, बिगूल, हवेत फैरी. ते त्याच दिवसांत होतं. पदक पुढे जाहीर होतं. वीरचक्रासारखी चक्रं राष्ट्रपती भवनात दिली जातात. तिथे हयात जवानाच्या छातीवर पदक लावतात. मरणोत्तर असेल तेव्हा ते आईच्या किंवा पत्नीच्या हातात देतात. दोन्ही प्रसंगांना एकच शब्द वापरला की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रं शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी, अशोक, कीर्ती आणि शौर्य ही इतर प्रसंगांतल्या शौर्यासाठी. मुंबईवरच्या २६/११ हल्ल्यात दहशतवाद्याला पकडणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळालं ते म्हणूनच. ‘रणांगणावर गाजवलेल्या शौर्याबद्दल’ हे शब्द त्यामुळे जपून वापरा.

सिडकोतून: मग असं लिहू का? ‘हुतात्मा जवान’, खाली नाव, त्याखाली ‘सेना पदक (शौर्य), मरणोत्तर’.

देवळालीहून: झकास. त्याखाली पलटणीचं नाव, कारवाईचं ठिकाण आणि तारीख टाका. पदकाच्या अधिकृत मजकुरावरून ताडून घ्या, आणि कोरण्याआधी कागद त्याच्या आईला वाचून दाखवा.