झोपेत बोटे आणि ओठ उडतात : निद्राचाचणी करावी का?

खाडीकाठ, ऐरोली
माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. गेले काही महिने गाढ झोपेत त्यांच्या हातापायांची बोटे आणि कधी ओठांचा कोपरा क्षणभर उडतो. अंगावरची चादरही त्याने सरकत नाही आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही. डॉक्टरांनी रात्रभराची निद्राचाचणी सुचवली आहे. एवढ्याशा हालचालीसाठी अंगभर तारा लावून रुग्णालयात झोपणे खरोखर आवश्यक आहे का? अलीकडे ते दिवसाही पेंगतात. तुर्भ्याहून परतताना दोनदा ऐरोली मागे टाकून थेट ठाण्याला उतरले.

रात्रपाळी, ठाणे
मी स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. घरच्यांना सारख्याच वाटणाऱ्या हालचाली आलेखावर निरनिराळ्या दिसतात. डोळा लागता लागता सर्वांगाला बसणारा झटका बहुतेकांना कधी ना कधी येतोच. पायांच्या ठरावीक अंतराने होणाऱ्या हालचालींत अंगठा वर उचलला जातो आणि घोटा वाकतो. अशी प्रत्येक हालचाल अर्धा ते १० सेकंद टिकते, दोन हालचालींत ५ ते ९० सेकंदांचे अंतर असते आणि सलग निदान चार झाल्या तरच ती मालिका धरतात. आपण वर्णन केलेला प्रकार बहुधा तिसरा, म्हणजे फ्रॅगमेंटरी मायोक्लोनस असावा. ब्रॉटन आणि टोलेन्टिनो या संशोधकांनी १९८४ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यातील स्नायूंची स्पंदने १५० मिलिसेकंदांहून लांब नसतात आणि पुष्कळदा ती डोळ्यांना दिसतही नाहीत. मिनिटाला किमान पाच, अशी नॉन-आरईएम झोपेची (ज्या झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होत नाही) निदान २० मिनिटे नोंदली गेली, तरच ती अतिरिक्त मानतात, आणि तेव्हाही केवळ त्यांच्यासाठी सहसा औषध लागत नाही. माझ्या मते चाचणीचे खरे कारण बोटे नव्हेत, पेंग आहे. यजमान घोरतात का?

पारसिक, खारघर
माझे पाय रात्रभर हलत असत. रक्तातील फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी निघाले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह घेतल्यावर बराच आराम पडला. नैराश्यावरील काही गोळ्यांनीही पायांच्या हालचाली वाढू शकतात, त्यामुळे चालू औषधांची यादी सोबत न्यावी. मात्र कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये.

खाडीकाठ, ऐरोली
घोरणे तर लग्नापासूनचे आहे, म्हणून त्याचा उल्लेख करावासा वाटला नाही. मध्येच श्वास थांबल्यासारखे होऊन ते दचकतात, हेही मी डॉक्टरांना सांगितले नव्हते. चाचणी करूनच घेतो. पूर्वतयारी काय करावी?

रात्रपाळी, ठाणे
श्वासाची ही गोष्ट आधी डॉक्टरांना कळवावी, कारण श्वास अडखळण्याचा विकार असल्यास पेंगेचे मूळ तिथेच सापडण्याचा संभव आहे. त्या दिवशी दुपारची झोप आणि दुपारनंतरचा चहा टाळावा. केस धुऊन यावे आणि डोक्याला तेल मुळीच लावू नये. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत आणि मध्यरात्री उठवून ते पुन्हा चिकटवावे लागतात.